मास्तरांचा शनिवार

स्क्रूखाली वायर बसवून झाली की मास्तर ती दोन बोटांच्या चिमटीत धरत, डोळे मिटत आणि एक बारीकसा हिसका देत. चेहरा अगदी नाडी बघणाऱ्या वैद्याचा. वायर जागची हलली नाही तर शहाण्या सुनेकडे सासऱ्यानं बघावं तसे तिच्याकडे बघत. हलली, तर माझ्याकडे बघत. ते बघणं कसं होतं हे मी इथं लिहीत नाही. घरात लहान मुलं असतात.

ही सवय कंपनीपुरती राहिली असती तर कुणाची तक्रार नव्हती. पण मास्तर सगळ्या जगालाच हिसका देऊन बघत. एसटीत बसले की आधी डोक्यावरचा बार. हॉटेलात गेले की खुर्चीची पाठ. माझं लग्न पेणच्या एका कार्यालयात होतं. मी बोहल्यावर उभा, समोर अंतरपाट, भटजींनी सूर लावलेला आणि मास्तर खिशात अक्षता घेऊन मांडवाच्या दिव्यांच्या वायरी तपासत फिरताहेत. पहिली पक्की निघाली. दुसरी पक्की निघाली. तिसरी हातात आली. नवरदेवाकडचा अर्धा मांडव काळोखात गेला. डेकोरेटर धावत आला आणि भर मंगलाष्टकात त्यांच्या अंगावर ओरडला. मास्तर शांतपणे म्हणाले, "आत्ता सुटली म्हणून मला शिव्या देतोस. जेवताना कुणाच्या ताटात सुटली असती तर कुणाला दिल्या असत्यास?"

आमच्या लग्नाच्या निम्म्या फोटोंत मी नाही. बायको म्हणते, तेच फोटो चांगले आलेत.

रोह्याजवळ धाटावला रसायनांची एक कंपनी होती. मास्तर तिथे इन्स्ट्रुमेंट खात्यात टेक्निशियन होते आणि मी त्याच खात्यात इंजिनीयर. म्हणजे कागदावर मी त्यांचा साहेब. हा विनोद दोघांनाही कळायचा, पण हसायचे फक्त ते. मला "डिग्रीवाले" म्हणत. "या डिग्रीवाले, आज कुणाचं ऐकायचंय?"

आमचं काम ऐकण्याचंच होतं. प्लँटमध्ये कुठं किती गरम आहे, कुठं किती दाब आहे, कुठल्या टाकीत किती माल आहे, हे सांगणारी छोटी छोटी उपकरणं जागोजागी बसवलेली असतात. प्रत्येकापासून एक वायर निघते आणि भिंतींवरून, पुलांवरून फिरत पॅनेलच्या खोलीत येते. तिथं एका कपाटात कार्डं असतात. कार्डावर स्क्रूंच्या जोड्या असतात, प्रत्येक जोडीवर एक अधिक, एक उणे. वायर तिथं जोडली की कार्ड त्या इवल्याशा विजेचा आकडा करतं आणि कॉम्प्युटर तो आकडा दर सेकंदाला दाखवतो आणि लिहून ठेवतो. कॉम्प्युटर फार हुशार. पण स्क्रूपर्यंत जे आलं ते खरंच आहे, असं धरून त्याची पुढची सगळी हुशारी चालते. स्क्रूच्या अलीकडचं खरंखोटं माणसांच्या हातात.

मास्तर प्रत्येक सिग्नलला दारात आलेला पाहुणा म्हणत आणि घरात घेण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न विचारत. खरोखर विचारत, मोठ्यानं, कपाटात डोकं घालून. "कुठून आलास? काय घेऊन आलास? वाटेत कुणाला चिकटून आलास?" तिसरा प्रश्न महत्त्वाचा. सिग्नलची वायर मोटारीच्या जाड केबलला चिकटून आली, की मोटारीची गुणगुण तिच्यात शिरते आणि आकडा नाचायला लागतो. मग मास्तर शिडी लावून वर चढत, दोघींना वेगळं करत आणि त्या सिग्नलच्या वायरीला बजावत, "परत त्या बाईच्या नादाला लागायचं नाही."

त्यांचा दुसरा नियम वहीचा. एक लांबट, पुठ्ठ्याची वही त्यांनी स्वतः पट्टीनं आखली होती. प्रत्येक वायरीला एक ओळ. तारीख, वार, आणि दोन चौकटी: एक 'वर', एक 'खाली'. वर म्हणजे प्लँटमधलं टोक, खाली म्हणजे कार्डावरचं टोक. वरच्या टोकाला एका माणसानं उभं राहायचं, खालच्या टोकाला दुसऱ्यानं. दोघांनी वॉकीटॉकीवर बोलत जोडणी तपासायची आणि आपापल्या चौकटीत सही करायची. एकाच माणसानं दोन्ही टोकं बघितलेली मास्तरांना चालत नसत. मी एकदा कारण विचारलं. "एकाच माणसाची चूक दोन्ही टोकांना सारखीच होते," ते म्हणाले. "आणि सारख्या दोन चुका समोरासमोर बसल्या की एकमेकींना सांभाळून घेतात."

मला हे वाक्य फार आवडलं. दोन-तीन ठिकाणी मी ते माझं म्हणूनही वापरलं.

तिसरा नियम शनिवार.

मास्तर बेने इस्राएल. कोकणातले, मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्या आजोबांचा निडीजवळ तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असे, म्हणून जुनी माणसं या लोकांना शनवार तेली म्हणत. घाणा गेला, भाऊबंद एकेक करून इस्राएलला गेले. मास्तर नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहिले आणि शनिवारही त्यांच्यासोबत राहिला. शुक्रवारी सूर्य कलला की ते हातातलं जे असेल ते खाली ठेवत, सायकल काढत आणि कुंडलिकेचा पूल ओलांडून घरी जात. पुढचा पूर्ण दिवस कामाला, विजेच्या बटणालासुद्धा, हात नाही. शनिवारच्या बदल्यात त्यांनी आम्हाला काय दिलं होतं ते सांगतो. गौरी-गणपतीत अख्खं खातं रिकामं व्हायचं आणि मास्तर एकटे पाच-पाच दिवस सगळा प्लँट सांभाळायचे. होळी त्यांची, दिवाळी त्यांची. वीस-बावीस वर्षं हा सौदा तोंडी चालला. कुणी लिहून मागितला नाही.

खाण्याचे नियम तर प्लँटभर ठाऊक होते. आमचा ऑपरेटर जनार्दन म्हात्रे धरमतरच्या खाडीकाठचा. घरात मासळी नाही असा वार नाही. तो दर आठवड्याला मुद्दाम मास्तरांच्या नाकासमोर डबा उघडायचा.

"मास्तर, कोलंबी हाय. देऊ?"

"खवलं नाही रे तिला. खवलं आणि पर असलेलं काही असेल तर बोल."

"आता कोलंबीला खवला कुठनं लावू? स्क्रूनं बसवू काय?"

मग वर्षातून एखाद्या दिवशी जनार्दन खरोखर जिताडा घेऊन यायचा, कागदात गुंडाळून, आणि मास्तरांच्या सायकलच्या हँडलला अडकवून न बोलता निघून जायचा. जिताड्याला खवलं असतात, आणि पेणच्या बाजूला जिताडा वाटेल त्याला देत नाहीत.

मास्तर गेले ते निवृत्तीनंतर सात-आठ वर्षांनी. अष्टमीत आम्ही कंपनीतले चाळीस-पन्नास जण जमलो होतो. सगळं तयार होतं, पण काही केल्या निघेनात. चौकशी केली तर कळलं, शेवटच्या प्रार्थनेला त्यांच्यातले दहा पुरुष लागतात आणि सातच आहेत. तिघे ठाण्याहून गाडीनं निघालेत, वाटेत अडकलेत. जनार्दन पुढे होऊन त्यांच्या एका म्हाताऱ्या नातेवाइकाला म्हणाला, "काका, आमी येवढं हाव ना. यातलं तीन घ्या की." म्हातारबाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही आहातच. पण मोजणीत येत नाही." जनार्दन बाजूला येऊन उभा राहिला. आम्ही सगळे दोन तास उन्हात तसेच उभे राहिलो. कुणी घरी गेलं नाही.

जनार्दनच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग आहे. तो माझ्यामुळे आहे. आता ते सांगतो.

आमच्या प्लँटमध्ये कागदावर शाईनं रेघ ओढणारी जुनी यंत्रं होती. ती काढून कॉम्प्युटर बसवायचं ठरलं. आठवडाभर प्लँट बंद. सगळ्या उपकरणांच्या वायरी नव्या कार्डांवर आणायच्या. रविवारी दुपारी गिऱ्हाईकाची माणसं नवा कॉम्प्युटर बघायला येणार होती, त्याच्या आत एक तरी रिअॅक्टर चालू दिसला पाहिजे, असं मॅनेजरसाहेबांचं म्हणणं. रिअॅक्टर म्हणजे माल शिजवायचं मोठं बंद भांडं. चालू करायचा होता तीन नंबर.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मास्तरांनी आणि मी एक सोडून सगळ्या वायरी जोडल्या. राहिली ती नेमकी तीन नंबरच्या तापमानाची. केबल टाकून झाली होती, फक्त दोन्ही टोकं जोडायची बाकी होती. मास्तरांनी खिडकीतून आभाळाकडे बघितलं, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली आणि चिठ्ठी लावली: 'जोडलेली नाही. रविवारी सकाळी.'

"मास्तर, चार तर स्क्रू आहेत," मी म्हणालो.

"चारच आहेत ना? मग रविवारीही चारच असतील."

शनिवारी सकाळी मॅनेजरसाहेब आले, चिठ्ठी वाचली आणि मला म्हणाले, "तुम्ही इंजिनीयर आहात ना? की चार स्क्रू पिळायलासुद्धा त्यांचा देव लागतो?"

मी हसलो. नसतो हसलो तर बरं झालं असतं.

तापमान मोजायला जे उपकरण असतं त्याला थर्मोकपल म्हणतात. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जुळवलेल्या. जुळवलेलं टोक तापलं की दुसऱ्या टोकांना किंचित वीज मिळते. तिला न्यायला केबलही खास लागते. आमच्या केबलमध्ये दोन तारा होत्या, एक पिवळी, एक लाल. आता जगात बॅटरीपासून मोटारगाडीपर्यंत लाल म्हणजे अधिक. लहान मुलालाही माहीत असतं. पण या एका केबलमध्ये, ज्यांनी ती बनवली त्यांच्या नियमानं, लाल म्हणजे उणे. मास्तरांनी मला हे पन्नास वेळा सांगितलं होतं. मला ते माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतंत तर अचूक लिहिलं असतं. पण हातानं डोक्याला विचारलं नाही. वर जाऊन, रिअॅक्टरच्या झाकणावर थर्मोकपलच्या डबीत, मी लाल अधिकाला जोडली. खाली येऊन, कार्डावर, पुन्हा लाल अधिकाला जोडली.

एकाच टोकाला चुकलो असतो तर तिथल्या तिथं सापडलो असतो. तापवल्यावर आकडा खाली गेला असता. दोन्ही टोकांना चुकलो, त्यामुळे उलट्याचं उलट होऊन सगळं सुलट दिसायला लागलं. मी थर्मोकपलचं टोक उकळत्या पाण्याच्या किटलीत बुडवलं. आकडा ऐटीत शंभरवर गेला. बाहेर काढलं, उतरला. आणखी काय पाहिजे? ही चूक दिसते फक्त तेव्हा, जेव्हा वरची डबी गरम असते आणि खालचं कार्ड थंड, कारण ती खास केबलही आपल्या दोन टोकांतला तापमानाचा फरक मोजते, आणि उलटी जोडली की तो मिळवण्याऐवजी वजा करते. त्या शनिवारी प्लँट बंद, एसीही बंद. वर-खाली सगळीकडे सारखाच उकाडा होता.

मग वही. 'वर'च्या चौकटीत मी माझी सही केली. 'खाली'ची चौकट रिकामी राहिली. रिकाम्या चौकटीवर मॅनेजरसाहेब प्लँट चालू करू देत नसत. तेवढा मास्तरांचा धाक त्यांनाही होता. मास्तरांची सही सोपी होती. दोन अक्षरं आणि खाली एक रेघ. मी ती केली. तारखेच्या रकान्यात तारीख लिहिली आणि वाराच्या रकान्यात वार.

मी चहा प्यायला गेलो.

रविवारी सकाळी एसी चालू झाला आणि पॅनेलची खोली गारठली. जनार्दननं तीन नंबरला वाफ सोडली. माल नव्वदपर्यंत तापवायचा आणि मग वाफ बंद. एकशेदहाच्या वर गेला तर आवरत नाही. स्क्रीनवर चाळीस, पन्नास, पंचावन्न. तिथं आकडा रेंगाळायला लागला. मी म्हणालो, वाफ वाढव. त्यानं वाढवली. मग रिअॅक्टरच्या काचेतून आत बघून तो पॅनेलच्या खोलीत आला.

"सायेब, ह्यो कंपूटर कायतरी येगला बोलतो हाय. आत खदखदतंय."

"साठ दाखवतोय रे. साठला कसं खदखदेल?"

"ता मना काय म्हाईत? मी बगलंय ता सांगतोय."

"नवीन सिस्टीम आहे, जनार्दन. डोळ्यांपेक्षा जास्त कळतं तिला."

हे वाक्य मी बोललो. साक्षीदार आहेत.

तेवढ्यात मास्तर आले. सायकल लावून, हात धुऊन, नेहमीसारखे. आधी कपाट उघडून तीन नंबरच्या स्क्रूंकडे बघितलं. चिठ्ठी नव्हती, चिकटपट्टी नव्हती. माझ्याकडे बघितलं नाही. तीन प्रश्नही विचारले नाहीत. त्यांनी फक्त आपला उजवा तळहात त्या स्क्रूंवर ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा, आणि स्क्रीनकडे बघत उभे राहिले.

आकडा वाढायला लागला. साठाचे बासष्ट. पासष्ट. अडुसष्ट. शे-सव्वाशे फुटांवर तापत असलेल्या रिअॅक्टरचा आकडा मास्तरांच्या तळहाताच्या उबेनं चढत होता. कार्ड उबदार झालं तशी उलट्या केबलची वजाबाकी कमी होत होती; जोडणी बरोबर असती तर तो जागचा हलला नसता. मला एका क्षणात सगळं कळलं. चार वर्षांचं कॉलेज त्या एका क्षणात उपयोगी पडलं. खरं तापमान स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा निदान चाळीस-पन्नासनं जास्त होतं.

"जनार्दन, वाफ बंद! थंड पाणी सोड!" मास्तर ओरडले. मी त्यांना ओरडताना त्यापूर्वी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

जनार्दन आधीच धावला होता. त्यानं वाफेचा व्हॉल्व्ह पिळला, पण दाब इतका चढला होता की व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी वाफ फुटली आणि सरळ त्याच्या हातावर आली. त्यानं हात काढला नाही. व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, पाणी सोडलं आणि मग खाली बसला. काढला असता, तर भाजलेला हात एवढ्यावर ही गोष्ट संपली नसती.

मंगळवारी चौकशी झाली. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये साहेब, मुंबईहून आलेले सुरक्षा अधिकारी, मास्तर आणि मी. टेबलावर ती वही उघडी. चुकीची जोडणी कुणी केली हे वहीत स्पष्ट होतं: वर मी, खाली मास्तर. दोघेही सारखेच दोषी. मास्तरांच्या निवृत्तीला तेव्हा सहा महिने राहिले होते.

अधिकाऱ्यांनी वही त्यांच्याकडे सरकवली. "ही सही तुमची?"

मास्तरांनी चष्मा लावला. ओळ वाचली. सही वाचली. मग त्यांचं बोट वाराच्या रकान्यात गेलं आणि तिथं थांबलं. शनिवार. माझ्या अक्षरात.

मी खरं सांगतो, त्या वेळी मला आशा वाटत होती. सिनेमात अशा वेळी म्हातारी माणसं दुसऱ्याची चूक अंगावर घेतात, आणि मग तो दुसरा जन्मभर त्यांच्या फोटोला हार घालतो. मी मनातल्या मनात हार घालायला तयार होतो. 'हो' म्हटलं तर त्यांच्या उभ्या आयुष्यातला एक शनिवार मोडल्याचं त्यांच्याच तोंडानं नोंदलं जाणार होतं, हे मला दिसत होतं. तरी ते 'हो' म्हणावेत, असं मला वाटत होतं.

"नाही," मास्तर म्हणाले.

वेळ विचारल्यावर सांगावी तसं.

"मग कुणी केली?"

"केली तो इथंच बसलाय. त्याचं त्याला सांगू द्या. मी बाहेर थांबतो." आणि ते उठून, दार हलकेच ओढून घेऊन बाहेर गेले.

मी सांगितलं. हसलो होतो तिथपासून चहापर्यंत. मॅनेजरसाहेबांनी मध्येच छताकडे बघायला सुरुवात केली. त्यांचं देवावरचं वाक्यही मी सांगितलं होतं. अर्ध्या तासानं बाहेर आलो तर मास्तर व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते.

"नोकरी?"

"राहिली. पण वर्षभर माझ्या सहीनं काही चालू करायचं नाही."

"बरं झालं."

"मास्तर, शनिवारचं मी..."

"माझा हात भाजलेला नाही," ते म्हणाले. "ज्याचा भाजलाय त्याच्याकडे आधी जा. मग माझ्याकडे ये. तीन नंबर अजून उलटाच आहे."

जनार्दन रोह्यातल्या एका दवाखान्यात होता. पोपटी भिंत, लोखंडी खाट, हाताला पांढरं बँडेज. त्याची बायको पायाशी बसली होती. मी सगळं परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जात नाही, हे तिथं कळलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे मी बोललो, आत खदखदतंय, तवा तुमी आपल्या कंपूटरला इचारलंत," तो म्हणाला. "डिग्री तुमची, आन् कातडी माझी. व्हय ना, सायेब?"

"हो."

"मंग ठीक. येवढा तरी खरा बोललात." आणि बायकोकडे वळून म्हणाला, "गो, पानी दे सायबांना. घसा सुकलाय."

मी पाणी प्यालो आणि परत कंपनीत गेलो. मास्तर कपाटापाशी वाट बघत होते. मला वर पाठवलं, स्वतः खाली राहिले. रिअॅक्टरच्या झाकणावर चढून मी डबी उघडली. वॉकीटॉकी खरखरला.

"लाल कुठं आहे?"

"उण्यावर घेतली."

"मोठ्यानं बोल. ऐकू आलं नाही."

त्या चॅनेलवर अख्खा प्लँट होता. "लाल उण्यावर, मास्तर," मी ओरडलो. कुठूनतरी कुणीतरी हसलं. मग ते म्हणाले, "खालीही उण्यावर. ये."

खाली आलो तेव्हा वही समोर होती. शनिवारच्या ओळीवर त्यांनी पट्टी ठेवून एकच सरळ रेघ मारली होती. खालचं सगळं वाचता येत होतं.

"पान फाडून टाकू का?" मी विचारलं.

"का? पुढच्या माणसाला कळायला नको?"

"तुमचा शनिवार मी मोडला, मास्तर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू शब्द लिहिलास," ते म्हणाले. "माझा शनिवार मी घरात बसून पाळला. दुपारी झोपलो, संध्याकाळी पुलावर फिरून आलो. तो माझ्याकडेच आहे. तुझा कुठं गेला, ते बघ."

खोडलेल्या ओळीखाली त्यांनी नवी ओळ घेतली, 'खाली'च्या चौकटीत दोन अक्षरं आणि रेघ केली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"माझी सही बंद आहे वर्षभर," मी म्हणालो.

"ती त्यांच्या कागदांवर. ही वही मी आखलीय. वरच्या टोकाला कोण उभं होतं?"

"मी."

"मग?"

मी सही केली. तारीख घातली. वाराच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. मास्तरांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या बारीक, सरळ अक्षरात स्वतः लिहिलं: मंगळवार.